प्रश्न वाचकांचे : छोट्या ट्रॅक्टरची ट्रॉली आणि खताची पसरणी

उन्हाळ्यात उकिरडे उपसायला सुरुवात झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. या वेळच्या बहुतेक पत्रांत १८ ते २८ अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरने शेणखत, गाळ, मुरूम किंवा भूसुधारके वाहून नेणे आणि शेतात पसरणे याविषयीच विचारणा आहे, म्हणून संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. पत्रांतील मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : माझी तीन एकर द्राक्षबाग असून ओळींतील अंतर ९ फूट आहे. शेणखताची मोठी ट्रॉली रस्त्यावरच रिकामी होते आणि तिथून बागेत मजूर पाट्यांनी खत वाहतात. माझ्याकडे २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आहे. फॅब्रिकेशनवाला म्हणतो की ट्रॅक्टर दोन टन आरामात ओढेल, तेव्हा ट्रॉली मोठीच करून घ्या. किती मोठी ट्रॉली करावी? (निफाड, जि. नाशिक)

उत्तर : फॅब्रिकेशनवाला खोटे बोलत नाही. सपाट, कोरड्या रस्त्यावर आपला ट्रॅक्टर दोन टन खरोखरच ओढेल. परंतु ट्रॉलीचे माप ठरवताना ट्रॅक्टर किती ओढतो हे न पाहता तो किती थांबवू शकतो हे पाहावे लागते. आपल्या ट्रॅक्टरचे वजन चालकासह ९०० किलोच्या आसपास असेल. शेतीच्या छोट्या ट्रॉल्यांना बहुधा स्वतंत्र ब्रेक नसतात, त्यामुळे ट्रॅक्टरने ब्रेक लावला की ट्रॉलीचा सगळा रेटा हुकावर येतो आणि तो अडवण्याचे काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनाच करावे लागते. ब्रेक नसलेली ट्रॉली मालासह ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीपेक्षा जड असू नये, आणि चढउताराची वाट असेल तर ट्रॅक्टरइतकीच असावी, असा आडाखा मी धरतो आणि इतरांनाही तोच सांगतो. आपल्या बाबतीत हा आकडा सपाटीवर सुमारे १३५० किलो येतो. त्यातून ट्रॉलीचे स्वतःचे ४०० किलो वजा केले तर मालासाठी ९०० ते ९५० किलो उरतात, आणि त्यातलेही सगळे वापरू नयेत.

आता खोक्याचे माप पाहू. आतून ७ फूट लांब, ४ फूट रुंद आणि दीड फूट उंच खोके केल्यास ४२ घनफूट, म्हणजे सुमारे १.२ घनमीटर जागा मिळते. चांगले कुजलेले, हाताला ओलसर लागणारे शेणखत घनमीटरला ६०० किलोच्या आसपास भरते, त्या हिशेबाने काठोकाठ ट्रॉलीत साधारण ७०० किलो खत बसेल. हे माप आपल्या ट्रॅक्टरला शोभणारे आहे. अडचण येते ती हेच खोके पुढे मुरमासाठी वापरले जाते तेव्हा. मुरमाचे वजन घनमीटरला १७०० किलोच्या घरात असते, त्यामुळे तीच ट्रॉली मुरमाने काठोकाठ भरली की माल दोन टनांवर जातो, आणि पाहणाऱ्याला मात्र ट्रॉली दोन्ही वेळी ‘भरलेली’च दिसते. यावर सोपा उपाय असा की खोक्याच्या आतल्या बाजूने, तळापासून साडेसहा इंचांवर, चारही फाळक्यांवर लाल रंगाची जाड रेघ मारून घ्यावी आणि माती-मुरूम त्या रेघेच्या वर भरायचा नाही असे भरणाऱ्या माणसाला सांगून ठेवावे. तेवढ्या मुरमाचे वजन ७०० ते ७५० किलो होते. एकदा गावच्या वजनकाट्यावर खताची भरलेली ट्रॉली तोलून घेतली तर आपल्या खताचा खरा आकडा कळेल. पावसात भिजलेले खत बरेच जड भरते, हेही त्या वेळी लक्षात येईल.

रुंदीबाबत सांगायचे तर ओळींत ९ फूट अंतर असले तरी दोन्ही बाजूंचे बोद (वेलींच्या बुंध्याशी चढवलेले मातीचे वरंबे) दीड-दोन फूट आत आलेले असतात. चाकांसह ट्रॉलीची बाहेरची रुंदी साडेचार फुटांच्या आत ठेवली तर बोद ढासळत नाही. चारचाकी ट्रॉलीपेक्षा दोनचाकी बरी, कारण ओळीच्या टोकाला बांधालगत ती कमी जागेत वळते आणि मालाचा थोडा भार हुकावर घेऊन ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पकड देते. त्यासाठी आस खोक्याच्या मध्यावर न ठेवता किंचित मागे घ्यावा, म्हणजे एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर येईल. खत भरणारे मजूर बहुधा मागचा फाळका पाडून मागूनच भरतात. सगळे खत मागे साचले तर हुक वर उचलला जातो आणि चाके जागच्या जागी फिरू लागतात. अशा वेळी चिखलाला दोष दिला जातो, पण खरे कारण खत भरण्याच्या पद्धतीत असते.

आता वेळेचा हिशेब करू. एकरी ८ टन धरले तर तीन एकरांना २४ टन, म्हणजे ७०० किलोच्या सुमारे ३४ खेपा होतील. रस्त्यापासून बाग ४०० मीटरवर असेल तर ताशी ६ किलोमीटर वेगाने जायला ४ मिनिटे लागतात. दोन माणसांनी फावड्याने ट्रॉली भरायला मात्र २५ मिनिटे सहज जातात. अर्थात आपला वेळ वाटेत खर्च होत नाही, तो भरण्यात जातो, आणि ट्रॉली मोठी केल्याने भरण्याचा वेळ कमी न होता वाढतोच. त्यामुळे मोठ्या ट्रॉलीचा विचार सोडून त्याच मापाच्या दोन ट्रॉल्या कराव्यात असा माझा सल्ला आहे. एक रस्त्यावर भरत असते तेव्हा दुसरी बागेत रिकामी होते आणि ट्रॅक्टर कधी उभा राहत नाही.

बागेत खत सरसकट पसरायचे नसून बोदावरच्या चारीत टाकायचे असते, तेव्हा पसरणीचे गणित लांबीवर करावे. ९ फुटी ओळींच्या एका एकरात एकूण सुमारे १४७५ मीटर लांबीचे बोद येतात. एकरी ८ टन म्हणजे मीटरला साधारण साडेपाच किलो, आणि ७०० किलोची ट्रॉली १३० मीटरला पुरली पाहिजे. ओळीतले खांब मोजून त्या अंतरावर चिंधी बांधून ठेवली की मजुरांना वेगळे काही सांगावे लागत नाही.

प्रश्न : शेणखत पसरणी यंत्र घेण्याचा विचार आहे. विक्रेता २७ एचपीवर चालेल असे सांगतो. यंत्रामुळे खत खरोखर सारखे पडते का? अनुदान मिळेल का? (तासगाव, जि. सांगली)

उत्तर : यंत्र चालेल की नाही हे इंजिनाच्या अश्वशक्तीवरून ठरवू नये. पसरणी यंत्राच्या तळातील साखळी आणि मागचे फिरते दातेरी रूळ पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्यावर, चालतात, आणि पीटीओवर मिळणारी शक्ती इंजिनापेक्षा नेहमीच कमी असते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था ट्रॅक्टरची चाचणी घेऊन अहवाल देते. त्या अहवालात पीटीओची शक्ती, ड्रॉबारची (ट्रॉली जोडण्याच्या मागच्या दांड्याची) ओढ आणि हायड्रॉलिकची उचलक्षमता हे सर्व आकडे असतात. विक्रेत्याकडे ट्रॅक्टरचा हा अहवाल मागावा आणि यंत्राच्या माहितीपत्रकातील पीटीओच्या गरजेशी ताडून पाहावा. शिवाय भरलेल्या यंत्राचे वजन किती होते, ते वर निफाडच्या पत्राला दिलेल्या आडाख्यात बसते का, हेही पाहावे. घनमीटर-सव्वा घनमीटरची लहान यंत्रे आपल्या ट्रॅक्टरला बेताची ठरतात. त्याहून मोठ्याच्या मोहात पडू नये.

सारखे पडण्याबद्दल सांगायचे तर यंत्र जे आत जाते तेच बाहेर फेकते. उकिरड्यातून निघालेल्या खतात दगड, सुतळी, प्लॅस्टिकच्या पिशव्या, क्वचित जनावराची तुटलेली साखळीही असते. मजूर पाटीत भरताना हे सारे नकळत बाजूला काढतात, लोडरने भरलेल्या यंत्रात मात्र ते सरळ जाते. सुतळी रुळाला गुंडाळते आणि दगड पुढच्या शेतापर्यंत उडतो. अशा वेळी यंत्र वाचावे म्हणून पीटीओच्या दांड्यावर एक मऊ शिअर बोल्ट दिलेला असतो. अडथळा आला की तो तुटतो आणि पुढची हानी टळते. हा बोल्ट वारंवार तुटतो म्हणून कंटाळून एका हंगामात मी त्या जागी पोलादी बोल्ट घातला होता. त्यानंतर बोल्ट तुटला नाही, यंत्राचा गिअरबॉक्स तुटला.

मापन करण्याची रीत अगदी साधी आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद असे ताडपत्रीचे तीन तुकडे यंत्राच्या वाटेत ठेवावेत, एक मधोमध आणि दोन कडांकडे, आणि नेहमीच्या गिअरमध्ये, पीटीओ ५४० फेऱ्यांवर ठेवून त्यांवरून जावे. प्रत्येक तुकड्यावरचे खत तोलावे. चौरस मीटरला एक किलो म्हणजे एकरी सुमारे चार टन. मधल्या तुकड्यावर दीड किलो आणि कडेच्या तुकड्यांवर पाऊण किलो आले तर घाबरू नये. शेजारच्या पट्ट्यातून परतताना कडा एकमेकींवर चढवून घ्याव्यात. प्रमाण कमी-जास्त करायचे असेल तर साखळीचा वेग किंवा गिअर बदलावा. थ्रॉटल कमी करून प्रमाण साधू नये, कारण त्याने रुळांचाही वेग उतरतो आणि खत फेकले न जाता ढेकळांनी गळते.

पीटीओच्या दांड्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण तुटले असेल तर यंत्र शेतात नेऊच नये. मिनिटाला ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचे टोक किंवा साडीचा पदर अडकला तर ‘अरे’ म्हणायच्या आत तो नऊ वेळा गुंडाळला जातो. अडकलेले खत काढायला इंजिन बंद करून, चावी खिशात घालूनच मागे जावे.

अनुदानासाठी महाडीबीटी संकेतस्थळावर कृषी यांत्रिकीकरणाच्या घटकाखाली अर्ज करावा लागतो. पूर्वसंमतीचे पत्र हाती येण्याआधी यंत्र खरेदी केले तर अनुदान मिळत नाही. ‘बिल नंतरच्या तारखेचे करून देतो’ असे कोणी म्हणाले तर त्याच्याकडून यंत्रही घेऊ नये.

यंत्र घ्या वा न घ्या, एक सवय मात्र मोडावी लागेल. आपल्याकडे चैत्र-वैशाखात शेतात खताचे छोटे ढीग टाकून पावसाची वाट पाहिली जाते. उन्हात पडलेल्या त्या ढिगांतला नत्राचा बराच भाग अमोनियाच्या रूपाने उडून जातो. चांगल्या शेणखतातही नत्र जेमतेम अर्धा टक्का असतो, म्हणजे टनामागे ५ किलो, आणि तोच आपण वाऱ्यावर सोडतो. ज्या दिवशी पसराल त्याच दिवशी कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर फिरवून खत मातीआड करावे. तेवढा ट्रॅक्टर रिकामा नसेल तर खत उकिरड्यातच, झाकून, राहू द्यावे.

प्रश्न : आमची हापूसची बाग उतारावर आहे. झाडांना खत टाकायला छोटा ट्रॅक्टर आणि दोनचाकी ट्रॉली वापरतो. गेल्या वर्षी भरलेली ट्रॉली घेऊन उतरताना तिने मागून ढकलून ट्रॅक्टरला आडवे फिरवले. चाकाखाली पालापाचोळा होता. कोणाला लागले नाही. ब्रेक तर लावले होते, मग असे का झाले? (राजापूर, जि. रत्नागिरी)

उत्तर : ब्रेक लावले म्हणूनच असे झाले. दहास एक उतारावर १२०० किलोची ट्रॉली ट्रॅक्टरला सुमारे १२० किलोच्या जोराने पुढे रेटते. उतार सहास एक असेल तर हा जोर २०० किलोपर्यंत जातो. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ती चाके पाचोळ्यावर घसरू लागली की ट्रॉली ट्रॅक्टरला थोपवू देत नाही, आणि हुकाशी जरासा जरी कोन झाला असेल तर ट्रॅक्टरचे मागचे अंग बाजूला सारून स्वतः पुढे येऊ पाहते. अशा वेळी पाय ब्रेकवर जितका जोरात दाबावा तितका घात होतो.

याचे उपाय ट्रॅक्टर उतरू लागण्याच्या आधी करायचे असतात. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये, किंवा त्याहून एक खाली, उतार सुरू करावा आणि मध्ये क्लच दाबू नये. डिझेल वाचावे म्हणून न्यूट्रलमध्ये उतरणारे महाभाग प्रत्येक गावात असतात, त्यांचे अनुकरण करू नये. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर तो उतारावर चालू ठेवावा. ओढण्यासाठी त्याची गरज नसली तरी त्यामुळे इंजिनाची आणि ब्रेकची धर पुढच्या चाकांपर्यंत पोहोचते. डावा आणि उजवा ब्रेक जोडणारी पट्टी शेतात वळताना काढलेली असते, ती वाटेला लागण्याआधी लावलीच पाहिजे. एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॉलीच्या मदतीशिवायही ट्रॅक्टर आडवा होतो.

त्याहून मोठा उपाय जागेचा आहे. आपला खताचा साठा बहुधा बागेच्या वरच्या अंगाला, रस्त्याकडे असावा, म्हणून भरलेली ट्रॉली उतरते आणि रिकामी चढते. वाट असेल तर साठा खालच्या अंगाला करावा, म्हणजे भरलेली चढेल आणि रिकामी उतरेल. चढताना हुक ड्रॉबारलाच हवा. टॉप लिंकच्या (अवजार जोडण्याच्या वरच्या दांड्याच्या) जागी साखळी अडकवून ट्रॉली ओढली तर ट्रॅक्टरचे पुढचे अंग उचलून तो मागे उलटतो. साठा हलवणे शक्य नसेल तर खेप लहान करावी. मोठ्या झाडाला ५० किलो शेणखत धरले तर शंभर झाडांना पाच टन लागतात. त्यासाठी ७०० किलोच्या सात खेपांऐवजी ४०० किलोच्या बारा-तेरा खेपा होतील आणि काम फार तर एका दिवसाने लांबेल. झाडाशी थांबल्यावर ट्रॉलीच्या चाकाखाली दगड लावल्याशिवाय कोणालाही तिच्या खालच्या बाजूला उभे राहू देऊ नये.

प्रश्न : मी स्वतः ट्रॅक्टर चालवते. ट्रॉली जोडण्याची कटकट नको म्हणून मागे थ्री-पॉइंटवर (अवजारे उचलणाऱ्या तीन दांड्यांवर) लोखंडी कॅरियर बसवून त्यावर कंपोस्ट खताच्या ५० किलोच्या आठ गोण्या ठेवते. हायड्रॉलिक सहज उचलते, पण स्टीअरिंग हलके लागते आणि बांध चढताना पुढची चाके टेकतच नाहीत. काय करावे? (जुन्नर, जि. पुणे)

उत्तर : स्टीअरिंग हलके लागते हे आपण वेळीच ओळखले, बरेच जण ते सुख मानतात. हायड्रॉलिकची उचलक्षमता आणि ट्रॅक्टरचा तोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा ट्रॅक्टरचे वजन ८०० किलो असून त्यातले ३२० किलो पुढच्या आसावर आहे, दोन आसांतील अंतर दीड मीटर आहे आणि गोण्यांचा मध्य मागच्या आसापासून ८० सेंटिमीटर मागे येतो. मागचा आस हा तराजूचा काटा मानला तर ४०० किलोच्या गोण्या पुढच्या आसावरून सुमारे २१३ किलो उचलून घेतात आणि पुढे १०७ किलो उरतात. कॅरियरचे स्वतःचे वजन वेगळेच. ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा, इथे १६० किलो, पुढच्या चाकांवर राहिला नाही तर ट्रॅक्टर हवा तसा वळत नाही.

पुढच्या बंपरवर कंपनीची ४० किलोची वजने लावली, आणि ती पुढच्या आसाच्या अर्धा मीटर पुढे असली, तर त्याच तराजूच्या न्यायाने पुढे ५३ किलोंची भर पडते आणि बरोबर १६० चा आकडा जमतो. हे सपाटीवरचे झाले. बांध चढताना भार आणखी मागे सरकतो, म्हणून गोण्या सहाच ठेवाव्यात आणि कॅरियरच्या पुढच्या कडेला, ट्रॅक्टरला चिकटून रचाव्यात. बांध तिरपा न चढता सरळ चढावा, आणि जमेल तिथे उलटा, रिव्हर्समध्ये चढावा, म्हणजे जड बाजू वरच्या अंगाला राहते. कॅरियर वाटेत जमिनीपासून वीतभरच वर ठेवावे. मागच्या टायरमध्ये पाणी भरण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. त्याने मागची पकड वाढते, पण आपली अडचण पुढच्या आसाची आहे आणि ती तशीच राहील.

प्रश्न : गावतळ्यातील गाळ मिळणार आहे. माझी दोन एकर जमीन मुरमाड आहे. गाळ छोट्या ट्रॅक्टरने आणून पसरता येईल का? किती लागेल? (पारनेर, जि. अहिल्यानगर)

उत्तर : पसरता येईल, आणण्याच्या फंदात पडू नये. हिशेब असा : एक ब्रास म्हणजे १०० घनफूट आणि एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एका गुंठ्यावर एक ब्रास गाळ पसरला तर एका इंचाच्या किंचित वर थर बसतो. एकराला ४० ब्रास, दोन एकरांना ८०. गाळाचा ब्रास साडेचार टनांच्या आसपास भरतो, म्हणजे एकूण ३६० टन. आपल्या लाल रेघेच्या ट्रॉलीने त्याला पाचशेच्या आसपास खेपा लागतील. तेव्हा वाहतूक टिपरनेच करून घ्यावी आणि राज्य शासनाच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या २०१७ पासूनच्या योजनेत आपले तळे बसते का, याची ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

छोट्या ट्रॅक्टरचे काम टिपर गेल्यावर सुरू होते आणि ते सोपे की अवघड हे ढीग कुठे पडले यावर ठरते. टिपरवाल्यावर सोपवले तर तो सगळा गाळ वाटेच्या तोंडाशी ओतून निघून जातो. गुंठा म्हणजे ३३ फुटांचा चौरस, म्हणून एक ब्रासची ट्रॉली असेल तर दर ३३ फुटांवर आणि चार ब्रासचा टिपर असेल तर दर ६६ फुटांवर फक्कीने फुली मारून ठेवावी आणि प्रत्येक फुलीवर एक ढीग टाकून घ्यावा. ढीग आठवडाभर उन्हात सुकू द्यावेत. ओला गाळ पात्याला चिकटतो, वाळला की ढेकळे फुटतात. मग ट्रॅक्टरमागे लेव्हलरचे पाते लावून ढीग एका दमात न ढकलता वरून पापुद्रे काढावेत तसा ओढत न्यावा. चार ब्रासचा ढीग म्हणजे १८ टन असतात, त्याला पाते भिडवून ट्रॅक्टर रेटत बसले तर क्लच जळतो.

नुसता पसरून सोडलेला गाळ पावसात साय धरतो आणि खालच्या मुरमात पाणी शिरू देत नाही, म्हणून मृगाआधी तो वरच्या पाच-सहा इंच मातीत मिसळून घ्यावा. गाळाचा नमुना माती परीक्षणाला आधी द्यावा. क्षार जास्त निघाले, किंवा बोटांत चोळून रेतीच लागली, तर फुकटचा गाळही महाग पडतो. शेजारच्या भारी काळ्या रानात तो टाकू नये, तिथे त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : ट्रॉली घेतल्यापासून गावात मुरूम टाकून द्या, भाडे देतो, अशी मागणी येते. हरकत आहे का? (वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : आहे. शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर-ट्रॉली भाड्याच्या मालवाहतुकीसाठी नसतो आणि अशा खेपेत अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारण्याची शक्यता मोठी असते. दुसरे असे की मुरूम आणि माती ही गौण खनिजे आहेत. परवाना आणि स्वामित्वधन भरल्याची पावती सोबत नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली दंड होतो आणि वाहन जप्त होते. मुरूम कोणाच्या मालकीचा होता हा वाद नंतर चालतो, ट्रॉली मात्र तोवर तहसील कचेरीच्या आवारात गंजते. स्वतःच्या शेतातल्या कामासाठी रस्त्यावरून जातानाही ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्ट्या लावलेल्या असाव्यात. खताच्या धुळीने त्या झाकतात, तेव्हा जाता-येता ओल्या फडक्याने पुसाव्यात.

प्रश्न : चोपण (सोडियम साचून घट्ट झालेल्या) जमिनीत एकरी एक टन जिप्सम टाकायला सांगितले आहे. ट्रॅक्टरमागचा गोल चकतीचा ब्रॉडकास्टर चालेल का? युरियासाठी लावलेलेच माप ठेवावे का? (शिरोळ, जि. कोल्हापूर)

उत्तर : ब्रॉडकास्टर चालेल, माप मात्र पुन्हा घ्यावे लागेल. युरियाचा दाणा गोल आणि वाहता असतो, तो दूर फेकला जातो. जिप्समची भुकटी जवळच पडते, वाऱ्याबरोबर वाहते आणि ओलसर असेल तर नळकांड्यात कमान धरून बसते, वरून भांडे भरलेले दिसते आणि खाली काहीच पडत नाही. म्हणून भुकटी कोरडी व चाळलेली असावी, ढवळणारा दांडा फिरतो आहे याची खात्री करावी, सकाळी वारा पडलेला असताना काम करावे आणि दोन फेऱ्यांतील अंतर युरियापेक्षा कमी, साधारण निम्मे, धरून सुरुवात करावी. ताडपत्रीच्या एक चौरस मीटरवर, शेजारच्या फेरीची कड चढल्यानंतर, पाव किलो जिप्सम पडले की एकरी एक टन होते. भांड्यात २५० किलो बसत असेल तर एक भांडे दहा गुंठ्यांना पुरले पाहिजे. तेवढे क्षेत्र आधीच काठ्या रोवून आखावे, आणि सात-आठ गुंठ्यांतच भांडे रिकामे झाले तर झडप दोन खाचांनी मिटवून पुढचे दहा गुंठे घ्यावेत. पाण्याचा निचरा होईल असे चर काढले नसतील तर जिप्सम आणण्याआधी ते काढावेत, कारण जिप्सममुळे सुटलेले सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर जायला वाट असावी लागते.